आगगाडीने आलेले घर

अमेरिकेतल्या एका लहानशा स्टेशनात मालगाडीचा एक डबा उभा आहे, अशी कल्पना करू. काळ १९२० च्या आसपासचा. डब्याचे दार उघडायला गावातला एक रेल्वे कामगार आपल्या दोन भावांना आणि एका घोडागाडीला घेऊन आला आहे. डब्यात त्याचे घर आहे! मापात कापलेल्या व क्रमांक घातलेल्या तुळया आणि फळ्या, दारे, खिडक्या, जिन्याच्या पायऱ्या, रंगाचे डबे, साडेसातशे पौंड खिळे आणि कशाला काय जोडायचे ते सांगणारे एक पुस्तक. मोठ्या घराचे सगळे नग मोजले तर आकडा तीस हजारांपर्यंत जाई.

हे घर त्याने टपालाने मागवलेले असते. शिकागोची ‘सीअर्स, रोबक अँड कंपनी’ घड्याळांपासून शिवणयंत्रांपर्यंत हजारो वस्तू कॅटलॉग छापून टपालाने विकत असे. १९०८ साली तिने घरांचा कॅटलॉग काढला. नमुना निवडा, पैसे पाठवा, घर येईल. १९४० मध्ये हा उद्योग बंद झाला तोपर्यंत सत्तर ते पंचाहत्तर हजार घरे अशा रीतीने विकली गेली. त्यांतली अनेक आजही उभी आहेत.

त्याच १९०८ साली डेट्रॉइटमध्ये हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार बाजारात आली. तिची किंमत होती ८५० डॉलर. कारखान्यात सरकत्या साखळीवर मोटारी जोडण्याची पद्धत बसली आणि १९२५ च्या सुमारास तीच मोटार तीनशे डॉलरच्या आत मिळू लागली. श्रीमंतांची चैन होती ती शेतकऱ्याच्या दारात आली. मग घराचेही असेच का होऊ नये? हा प्रश्न गेली शंभर वर्षे अभियंते, राज्यकर्ते आणि घर नसलेली माणसे विचारीत आली आहेत. दर पिढीत कोणीतरी जाहीर करतो की आता घरे मोटारीसारखी कारखान्यात बनतील आणि सामान्य माणूस घरमालक होईल. घरे बनतात, चांगलीही बनतात. पण मोटारीसारखी स्वस्त होत नाहीत. असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर थोडे पदार्थविज्ञानात, थोडे अंकगणितात आणि बरेचसे सातबाराच्या उताऱ्यावर सापडते, असे आम्हाला वाटते.

कारखाना वाचवतो ते नेमके काय?

सीअर्सच्या घरामागे एक जुनी युक्ती होती. १८३० च्या दशकात शिकागोच्या परिसरात लाकडी घरे बांधण्याची नवी पद्धत रुळली. त्याआधी घराचा सांगाडा जाडजूड खांब आणि तुळयांचा असे. त्यांना खाचा पाडून, कुसू बसवून जोडावे लागे आणि त्यासाठी मुरलेला सुतार हवा असे. नव्या पद्धतीत जाड खांबांऐवजी कमी जाडीच्या पुष्कळ पट्ट्या हातभर अंतरावर उभ्या करून नुसत्या खिळ्यांनी ठोकत. यंत्रावर बनलेले स्वस्त खिळे आणि करवतीच्या गिरणीतून निघणारे एकसारखे लाकूड यांमुळे हे शक्य झाले. घर इतके हलके दिसे की लोकांनी चेष्टेने त्याला फुग्याचा सांगाडा म्हटले. पण भार एका खांबावर न पडता अनेक पट्ट्यांत वाटला जाई आणि ते टिके.

सीअर्सने यापुढचे पाऊल टाकले. लाकूड जागेवर कापण्याऐवजी गिरणीतच मापात कापून पाठवले. कंपनीच्या स्वतःच्या दाव्यानुसार एका घराला नेहमीच्या पद्धतीने सुताराचे ५८३ तास लागत, तर आधी कापलेल्या लाकडाने ३५२. म्हणजे चाळीस टक्के बचत. दावा विक्रेत्याचा आहे हे ध्यानात ठेवू. पण त्यात अविश्वसनीय काही नाही. यंत्राची करवत एकदा लावली की एकाच मापाचे हजार तुकडे कापते, लाकूड वाया कमी जाते, आणि पावसाने काम अडत नाही.

मात्र ही चाळीस टक्के बचत सुताराच्या तासांतली आहे, घराच्या किमतीतली नव्हे. पाया खणणे, जोते बांधणे, विहीर वा नळ, सांडपाण्याची सोय ही कामे गिरणीत होत नाहीत. पुढचा सगळा घोटाळा या एका फरकात दडलेला आहे. तो पाहण्यापूर्वी घर ही वस्तू मोटारीहून वेगळी का, ते समजून घेऊ.

किलोचा भाव

वर्गात एक वीट आणून वजन करायला सांगावे. साधारण तीन किलो भरेल. तिची किंमत गावातल्या भट्टीवर विचारावी आणि किलोचा भाव काढावा. तो तीन-चार रुपयांच्या आसपास येईल. आता एक लहान मोटार घ्या. वजन पाऊण-एक टन, किंमत पाच-सहा लाख. किलोला पाच-सहाशे रुपये पडले. आणि घर? पन्नास चौरस मीटरचे विटा-काँक्रीटचे घर ढोबळमानाने पन्नास-साठ टनांचे असते. ते बांधायला दहा-अकरा लाख लागतात असे धरले, तर किलोचा भाव वीस रुपयांच्या आत येतो. घर हा बाजारातल्या भाजीहून स्वस्त पदार्थ आहे!

हा भाव एवढ्यासाठी महत्त्वाचा की वाहतुकीचा खर्च किमतीवर नव्हे, वजनावर आणि आकारमानावर ठरतो. पाचशे रुपये किलोची वस्तू हजार किलोमीटर नेली तर तिच्या किमतीत फारसा फरक पडत नाही. वीस रुपये किलोची वस्तू तेवढी नेली तर फायदा वाटेतच संपतो. म्हणूनच चेन्नईत किंवा पुण्यात बनलेली मोटार देशभर विकता येते आणि वीटभट्टी मात्र दर पाच-दहा कोसांवर लागते.

यावर उपाय दोन. एक, घर सपाट फलकांच्या रूपात न्यायचे: भिंती, छत, जमीन सगळे एकावर एक रचून. दुसरा, कारखान्यातच खोली पूर्ण करायची, तिच्यात नळ, दिवे, फरशी सगळे बसवायचे आणि ती खोक्यासारखी उचलून न्यायची. अशा खोक्यांचे घर म्हणजेच ज्याला मॉड्युलर घर म्हणतात ते. बाहेरून चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच खोके घ्या. घनफळ छत्तीस घनमीटर. भिंती, छत, जमीन सर्व पंधरा सेंटिमीटर जाडीचे धरले तर आतली पोकळी २.७ × ३.७ × २.७, म्हणजे सुमारे सत्तावीस घनमीटर. ट्रकवर चढवलेल्या खोक्यात तीन-चतुर्थांश हवा! आणि उरलेले नऊ घनमीटर साध्या काँक्रीटचे असतील तर वजन बावीस टनांच्या जवळपास. म्हणून खोके न्यायचे तर ते हलके हवे, नाहीतर कारखाना बांधकामाच्या जवळ हवा. अमेरिकेत ती लाकडी असतात. रांची येथे केंद्र सरकारच्या ‘लाइट हाउस’ योजनेत, जिचा पाया २०२१ च्या १ जानेवारीला घातला गेला, १,००८ घरांसाठी काँक्रीटच्या तयार खोल्या एकावर एक रचण्याची पद्धत निवडली गेली. तिथे एकाच आवारात सारी घरे होती, हे लक्षात घ्यावे. हजार खोल्या हजार गावांत न्यायच्या असत्या तर हिशेब निराळा झाला असता.

रस्त्याची रुंदी ही आणखी एक मर्यादा. ट्रकवर मावेल तेवढीच खोली रुंद. आपल्याकडे साधा ट्रक अडीच मीटरांहून थोडासाच रुंद असतो. त्याबाहेर माल गेला की खास परवानगी आली. घराचा आराखडा वास्तुशास्त्रज्ञाआधी रस्ते-खाते ठरवते, असे म्हटले तरी चालेल.

हलकेपणाची किंमत

हलके घर नेणे सोपे, पण त्यात राहणे? याचा धडा आम्हाला पुस्तकातून मिळाला नाही. संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत आमची उपकरणे एका संस्थेच्या आवारातल्या तयार केबिनमध्ये ठेवली होती. दोन पत्रे आणि मध्ये बोटभर जाडीचा फोम. सकाळी दहापर्यंत सगळे ठीक. दुपारी दोनला तराजूचे आकडे सरकू लागत, आम्हीही वितळू लागत असू. रात्री त्याच खोलीत कुडकुडायला होई. शेजारची दगडी इमारत मात्र दुपारी गार आणि रात्री उबदार. आम्ही सगळी मोजमापे रात्री अकरानंतर करायला शिकलो.

फोम उष्णतेला अडवतो, साठवत नाही. वीट थोडी कमी अडवते पण पुष्कळ साठवते. नऊ इंची विटेच्या भिंतीवर दुपारी पडलेली उष्णता आतल्या बाजूला पोचायला सहा-सात तास लागतात. ती पोचते तेव्हा बाहेर संध्याकाळ झालेली असते आणि खिडक्या उघडता येतात. पत्र्याच्या भिंतीला हा उसंतीचा काळ नसतो. फोम जेवढा जाड तेवढाच काय तो आधार. विद्यार्थ्यांना हा प्रयोग सहज करता येईल. एक पत्र्याचा डबा आणि तेवढ्याच आकाराचे जाड मातीचे भांडे, दोन्ही झाकून उन्हात ठेवावीत, आत तापमापी लटकवावी आणि दर अर्ध्या तासाला नोंद करावी. दोन आलेख काढले की कमाल तापमानातला फरक दिसेलच, पण ते कधी गाठले जाते यातला फरक अधिक बोलका आहे.

दोन्ही साधण्याचा एक प्रयत्न म्हणजे काँक्रीटमध्ये बुडबुडे सोडणे. स्वीडनमध्ये विकसित झालेले सायपोरेक्स हे असे हवा भरलेले काँक्रीट. साध्या काँक्रीटच्या सुमारे चौथाई वजनाचे आणि उष्णता बरीच अडवणारे. १९७० च्या दशकात पुण्यात शिर्के उद्योगसमूहाने ते बनवायला सुरुवात केली आणि तयार खांब-तुळयांबरोबर त्याच्या फळ्या वापरून मुंबई-नवी मुंबईच्या परिसरात मोठ्या वसाहती उभारल्या. प्रीफॅब ही आपल्याला अनोळखी गोष्ट नाही. वाचकांपैकी काही जण तशा घरात राहतही असतील.

पत्त्यांचा बंगला

कारखान्यात बनलेला फलक सहसा जागेवर बनलेल्या भिंतीपेक्षा सरस असतो. दुबळा असतो तो सांधा. गवंडी भिंत बांधतो तेव्हा चूक झाली तर ओळंबा दाखवतो आणि मसाला किंवा गिलावा ती पोटात घेतो. तयार फलकाला असे पोट नसते. एका फलकात तीन मिलिमीटरची चूक फारशी नाही. पण असे दहा फलक एका रांगेत लागले आणि सगळ्यांची चूक एकाच दिशेला असली तर शेवटचा फलक तीन सेंटिमीटरने बाहेर येतो. मग कामगार तो ठोकून बसवतो, फट राहते, फटीत पाणी जाते.

पाणी जाणे परवडले, असे म्हणायची वेळ १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमध्ये आली. रोनन पॉइंट नावाची बावीस मजली इमारत काँक्रीटचे तयार फलक रचून बांधलेली होती. लोक राहायला येऊन दोनच महिने झाले होते. सकाळी अठराव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या घरात गॅसचा स्फोट झाला. स्फोट फार मोठा नव्हता. त्या घरातली बाई वाचली. पण कोपऱ्याची भिंत बाहेर ढकलली गेली. तिच्या आधारावर असलेले वरचे मजले खाली आले, त्यांच्या भाराने खालचे कोसळले, आणि इमारतीचा अख्खा कोपरा तळापर्यंत गेला. चार माणसे दगावली. बहुतेक लोक झोपायच्या खोल्यांत होते आणि कोसळला तो बैठकीच्या खोल्यांचा कोपरा, म्हणून संख्या एवढ्यावर राहिली.

फलक मुख्यतः स्वतःच्या वजनाने एकमेकांवर बसलेले होते. वजन खाली दाबते, पण बाजूने आलेला धक्का कोण अडवणार? पत्त्यांचा बंगला मुलांना करायला लावावा आणि एक पत्ता काढावा. मग तोच बंगला चिकटपट्टीने जोडून पुन्हा एक पत्ता काढावा. दुसऱ्या वेळी बंगला वाकतो, पण उभा राहतो. भार दुसऱ्या वाटेने उतरतो. या दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये नियम बदलले: एक भाग गेला तरी सगळी इमारत जाऊ नये, यासाठी फलक एकमेकांना पोलादाने बांधलेले असले पाहिजेत. १९८६ मध्ये रोनन पॉइंट पाडताना सांधे उघडून पाहिले गेले. काही ठिकाणी मसाल्याऐवजी वर्तमानपत्रांचे बोळे निघाले. कारखान्यात कितीही काटेकोर काम झाले तरी सांधा भरायला माणूसच असतो आणि तो घाईत असतो.

आता सांधे नीट झाले, भिंती गार राहिल्या, वाहतूकही साधली, असे धरू. तरी घर स्वस्त होते का?

सहा रुपयांची बचत

घराच्या पूर्ण किमतीचे शंभर रुपये समजा. शहराच्या कडेला जागेला त्यांतले चाळीस जातात असे धरू. पाया, पाणी, सांडपाणी, वीज, फरशी, रंग, परवाने यांना तीस. उरले भिंती आणि छताचे तीस. (आकडे उदाहरणापुरते आहेत, आपल्या गावचे आकडे विद्यार्थ्यांनी शोधून घालावेत.) कारखान्याने भिंती आणि छत वीस टक्के स्वस्त केले तर वाचले किती? तीसचे वीस टक्के, सहा रुपये. वृत्तपत्रात ‘वीस टक्के स्वस्त तंत्र’ असा मथळा येतो आणि घर घेणाऱ्याला चौऱ्याण्णव मोजावे लागतात.

ही सहा रुपयांची बचतसुद्धा कारखाना भरपूर चालला तरच. याचे सर्वांत बोलके उदाहरण लस्ट्रॉनचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांना घरे नव्हती. कार्ल स्ट्रँडलंड नावाच्या उद्योजकाने ओहायो राज्यात कोलंबस येथे विमानांच्या जुन्या कारखान्यात पोलादी घरे बनवायला घेतली. आपल्याकडच्या इनॅमलच्या थाळ्या-मगांवर असतो तसा काचेचा मुलामा पोलादी फलकांवर भट्टीत चढवलेला. गंज नाही, रंग देणे नाही, भिंत ओल्या फडक्याने पुसायची. चित्र लावायचे तर लोहचुंबकाने. सगळे घर एका खास गाडीवर मावे आणि जो भाग आधी लागणार तो शेवटी चढवलेला असे. अभियांत्रिकी म्हणून आम्हाला हे घर फार आवडते. सरकारने त्यासाठी तीन कोटी सत्तर लाख डॉलरहून अधिक कर्ज दिले. दिवसाला शंभर घरे काढायची कल्पना होती. कारखान्याने चांगल्या दिवशीही त्याच्या चौथाईच्या आसपास मजल मारली. प्रचंड यंत्रांचा खर्च थोड्या घरांवर पडला, किंमत चढत गेली आणि १९५० साली सुमारे अडीच हजार घरांनंतर कारखाना बंद झाला.

लस्ट्रॉनचा घात केला तो केवळ यंत्रांच्या खर्चाने नव्हे. घर कारखान्यातून निघताना विक्रेत्याला सगळे पैसे भरावे लागत. बँका मात्र घरासाठी कर्ज देत ते बांधकाम चढत जाईल तसे, हप्त्याहप्त्याने: पाया झाला की इतके, छत झाले की इतके. एका दिवसात गाडीवर येणाऱ्या घरासाठी त्यांच्या वहीत रकाना नव्हता.

आपल्याकडचा अनुभव याच सुमाराचा आहे. फाळणीनंतर निर्वासितांसाठी झटपट घरे हवी होती. केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक ओटो कोनिग्सबर्गर यांच्या पुढाकाराने दिल्लीत सरकारी घर-कारखाना निघाला. त्याचे हलक्या काँक्रीटचे फलक तडकू लागले, संसदेत टीका झाली, योजना गुंडाळावी लागली आणि १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर भारत सोडून गेले. कारखाना पुढे दुसऱ्या रूपात चालला, १९७८ मध्ये त्याचे नाव ‘हिंदुस्थान प्रीफॅब’ झाले. पण त्याचा जम बसला तो विजेचे खांब आणि रेल्वेचे स्लीपर यांसारख्या वस्तूंत. हे स्वाभाविकच होते. खांब एकसारखा असतो, तो वर्षानुवर्षे लागतो, आणि त्याला शेजारी, दिशा किंवा देवघर लागत नाही.

हप्ता आणि जमीन

पुन्हा सीअर्सकडे येऊ, कारण त्यांनी एक गोष्ट बरोबर ओळखली होती. १९११ पासून कंपनी घराबरोबर कर्जही देऊ लागली. ग्राहकाकडे स्वतःचा मोकळा भूखंड असावा, एवढी मुख्य अट. ज्या कामगाराला बँक उभे करीत नसे तो टपालाने कर्ज मागू शकत होता. आमच्या मते सीअर्सच्या यशाचे श्रेय करवतीइतकेच या कर्जाच्या अर्जाला जाते. १९२९ नंतर मंदी आली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, हप्ते थकले आणि कंपनीला आपल्याच ग्राहकांची घरे जप्त करावी लागली. १९३० च्या दशकाच्या मध्याला तिने कर्ज देणे थांबवले. त्यानंतर घरेही फार वर्षे विकली गेली नाहीत.

कर्जाचा दर किती प्रभावी असतो, याचे एक गणित दहावीच्या वर्गात जरूर घ्यावे. एक लाख रुपयांचे कर्ज, वीस वर्षे, व्याज आठ टक्के. महिन्याचा हप्ता ८३६ रुपये. आता कारखान्यातले घर वीस टक्के स्वस्त आहे म्हणून कर्ज ऐंशी हजारच, पण व्याज बारा टक्के. हप्ता किती? ८८१ रुपये! घर स्वस्त झाले आणि हप्ता वाढला. चार टक्के व्याजाने कारखान्याची सगळी करामत गिळली.

हे गणित काल्पनिक नाही. अमेरिकेत आज सुमारे दोन कोटी माणसे कारखान्यात पूर्ण बनवलेल्या घरांत राहतात. पोलादी सांगाड्यावर, चाके लावून ही घरे येतात. १९७६ पासून त्यांना देशभर एकच बांधकाम-संहिता लागू आहे, त्यामुळे एकच नमुना अनेक राज्यांत विकता येतो. जमीन सोडून पाहिले तर चौरस फुटाचा खर्च जागेवर बांधलेल्या घराच्या जवळपास निम्मा पडतो. म्हणजे फोर्डचे स्वप्न इथे बऱ्यापैकी खरे झाले. तरीही या घरात राहणारा माणूस बहुधा शेजारच्या विटांच्या घरातल्या माणसाइतका सावरत नाही. का?

कारण अनेकांचे घर स्वतःचे, पण त्याखालची जमीन भाड्याची. जमीन नसली की कायदा त्या घराला स्थावर मानत नाही; ते मोटारीसारखे जंगम ठरते. जंगम वस्तूवरचे कर्ज महाग आणि कमी मुदतीचे. मोटारीसारखीच त्याची किंमतही दर वर्षी उतरते. स्थावर घराची किंमत वाढते ती भिंतींमुळे नव्हे, भिंती तर जुन्याच होत असतात. वाढते ती जमिनीची. आणि जमीनमालकाने भाडे वाढवले तर? चाके लावून घर दुसरीकडे न्यावे म्हटले तर हजारो डॉलर खर्च आणि नवी जागा शोधणे आले. बहुतेक घरे एकदा बसली की हलत नाहीत. फिरत्या घराचा मालक जमिनीला खिळलेला आणि जमिनीचा मालक मोकळा, असा हा उलटा न्याय आहे.

१९८४ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मेरेडिथ गावी अशाच एका वस्तीची जमीन विकायला निघाली. तिथल्या तेरा कुटुंबांनी सहकारी संस्था काढली, एका सामाजिक कर्जनिधीकडून पैसे घेतले आणि जमीन स्वतःच विकत घेतली. घरांचा एक खिळाही बदलला नव्हता. पण आता भाडे कोण किती वाढवणार ते तेच ठरवत होते, आणि उद्या घर राहील की नाही ही टांगती तलवार गेली होती. त्या राज्यात आणि पुढे इतर राज्यांत अशा वस्त्या शेकड्यांनी झाल्या.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. सहकारी गृहनिर्माण संस्था आपल्या रोजच्या ओळखीच्या, आणि त्यांची दुखणीही. सदनिका आपल्या नावावर, संस्था नोंदलेली, देखभालीचा हप्ता नियमित. पण इमारतीखालची जमीन अजून विकासकाच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर, ही स्थिती हजारो इमारतींची आहे. १९६३ च्या सदनिका कायद्याने जमीन संस्थेच्या नावे करून देणे बंधनकारक केले. ते होत नाही म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद आणावी लागली, म्हणजे विकासक आला नाही तरी संस्थेला अर्ज करून जमीन नावावर करून घेता येते. इमारत जुनी होऊन पाडायची वेळ येते तेव्हाच अनेकांना हा कागद आठवतो.

कारखान्यातल्या घरांचे नवे तंत्र आले की त्याच्या भिंतीची जाडी, सांध्याची रचना, उष्णतेचा हिशेब हे सगळे जरूर तपासावे. ते आमच्या कामाचा भाग आहे आणि त्यात करण्यासारखे खूप उरले आहे. वर्गात मात्र त्याबरोबर आणखी एक काम देता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन विचारावे: आपले घर कोणाच्या जमिनीवर उभे आहे, आणि तसे कोणत्या कागदावर लिहिले आहे? गावात सातबारा किंवा गावठाणातला उतारा निघेल, शहरात मालमत्ता पत्रक. काही घरी उत्तर लगेच मिळेल. काही घरी आजोबांना पेटी उघडावी लागेल.